ऐजॉलचा डबा

लग्नकार्यात कोणी विचारलं, "बाळाराम, तू गोदामात नेमकं करतोस तरी काय?" की मी सांगायचो, "बर्फ भरतो." भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात गोदामात नोकरी असणं यात नवल नाही. पण नुसता बर्फ भरायला एखादा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून सतरा वर्षं मानकोलीला जातो, हे कोणाला पटायचं नाही. "मासळीचं गोदाम हाय काय?" असं हमखास विचारायचे.

मासळीचं नव्हे, औषधांचं. काही औषधं दोन ते आठ अंशांत राहिली तरच औषधं असतात. इन्सुलिन, लशी, रक्त गोठावं म्हणून द्यायची इंजेक्शनं ही त्यातली. आठाच्या वर बराच वेळ गेली की ताकद जाते. आणि शून्याच्या खाली गेली तर त्याहून वाईट, कारण गोठून पुन्हा वितळलेलं औषध दिसायला अगदी पहिल्यासारखंच दिसतं. आमच्या गोदामाच्या एका बाजूला मोठी थंड खोली होती. तिथून ही औषधं जाड थर्माकोलच्या डब्यांत भरून विमानानं देशभर जायची. डब्यात औषधाभोवती जेलपॅक रचायचे, म्हणजे घट्ट जेल भरलेल्या चपट्या प्लास्टिकच्या पिशव्या, फ्रीझरमध्ये दगडासारख्या गोठवलेल्या. सोबत काडेपेटीएवढं एक यंत्र ठेवायचं. त्याला लॉगर म्हणतात. वाटेत डब्यात किती अंश होते ते तो दर दहा मिनिटांनी लिहून ठेवतो. त्या पॅकिंगचा मी इन्चार्ज होतो.

सुरुवातीला मला वाटायचं, हे काम म्हणजे सोपं गणित. शहर किती लांब, विमानाला किती वेळ, त्यात थोडे तास मिळवा आणि तेवढा बर्फ भरा. म्हणून मी इंटरनेटवरून एक तक्ता काढला. मुंबईपासून पन्नासेक शहरांचं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ. तो प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला. गुवाहाटी, श्रीनगर, कोची, सगळं एका नजरेत. मला त्या तक्त्याचा फार अभिमान होता.

तो उतरवला जोधपूरच्या डब्यानं. उड्डाण जेमतेम दीड-पावणेदोन तासांचं, म्हणून मी लहान डबा दिला. मे महिना होता. विमान वेळेवर पोचलं, तक्ता अगदी बरोबर होता. पण तिथे उतरल्यावर डबा गाडीची वाट बघत उन्हात पडून राहिला. तिथल्या माणसानं फोटो पाठवला, इन्सुलिनशेजारी थर्मामीटर ठेवून. आकडा आठाच्या कितीतरी वर होता. तो सगळा माल फेकावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी तक्त्यासमोर उभा होतो, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "दादा, ह्यात विमान कितीवेळ उडतं ते लिवलंय. डबा कितीवेळ बसतो ते कुठं हाय?"

ती विमल शेलार. महिन्याभरापूर्वी कंत्राटदारामार्फत पॅकिंगला लागलेली. वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या एका गावातून एसटीनं यायची. घरची थोडी भातशेती. नवरा गेल्यावर तिनं भिवंडीत पॉवरलूमच्या गल्ल्यांत बर्फाच्या गोळ्याची गाडी लावली होती. शिफ्ट सुटली की लूमचे कामगार गोळा खायला यायचे. सकाळी आणलेली बर्फाची लादी संध्याकाळच्या शिफ्टपर्यंत टिकवायची, हा तिचा सात वर्षांचा धंदा. गाडी कुठे उभी केली तर बर्फ किती जातो, गोणपाट कोरडं असलं तर काय आणि ओलं असलं तर काय, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. मला ते लॉगरचे कागद वाचून कळायचं, आणि तेही माल खराब झाल्यावर.

त्या दिवशी मी तक्ता काढून टाकला. त्याऐवजी विमलच्या सांगण्यावरून एक वही सुरू केली. त्यात प्रत्येक शहरापुढे अंतर नव्हतं. डबा कोणत्या विमानतळावर उघड्यावर ठेवतात, कुठे संध्याकाळी माणूस नसतो, कुठे धुक्यानं विमान चुकतं, पलीकडे डबा घ्यायला कोण येतो आणि तो फोन उचलतो का, हे होतं. डबा भरण्याआधी पलीकडच्या माणसाला फोन करायचाच, हा नियम तिचा. फोन मी करायचो, ती शेजारी उभी राहून विचारायची आणि मी ते प्रश्न पुढे सारायचो. तिला हिंदी झकास यायचं, पण ऑफिसचा फोन कंत्राटी माणसानं वापरायचा नाही असा दंडक होता.

एकदाच तो मोडला. राजस्थानातल्या एका औषधवाल्यानं डबा परत पाठवतो म्हणून आरडाओरडा चालवला होता. कारण काय, तर आतला सगळा बर्फ वितळला होता. मी लॉगरचे आकडे सांगत होतो, तो ऐकेना. शेवटी विमलनं माझ्या हातातून फोन घेतला. "भाईसाब, दवाई को हाथ लगाके देखो. थंडी है?" तो म्हणाला, थंडी आहे. "तो फिर? बर्फ का काम पिघलना है. उसने अपनी ड्युटी किया, आप उसपे क्यों गुस्सा करता?" पलीकडे गृहस्थ हसायला लागला आणि माल ठेवून घेतला. फोन ठेवून ती म्हणाली, "गोळ्याच्या गाडीवर पण असेच येतात एकेक."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. एका गुरुवारी मिझोराममधून, ऐजॉलहून मागणी आली. तिथल्या एका इस्पितळातल्या औषधविभागाची रुआती नावाची मुलगी फोनवर होती. तिचं हिंदी तुटक, पण शब्द स्पष्ट. एक शाळामास्तर स्कूटरवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांना जन्मापासून असा आजार की जखम झाली तर रक्त थांबत नाही. रक्त गोठायला लागणारं इंजेक्शन दिल्याशिवाय डॉक्टर सुरी लावू शकत नव्हते, आणि तिच्याकडचा साठा पहिल्या दोन दिवसांतच संपला होता. ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं. आमच्याकडे तेवढी एकच खेप शिल्लक होती. ती वाया गेली तर पुढचा माल यायला आठवडा.

मुंबई ते ऐजॉल सरळ रेषेत साधारण दोन हजार शंभर किलोमीटर. कोलकात्याला विमान बदलायचं. हवेतले तास दोन्ही मिळून चारच्या आसपास. शुक्रवारी दुपारी डबा निघणार, संध्याकाळच्या विमानानं कोलकाता, शनिवारी ऐजॉल. ऑफिसच्या मंजूर यादीत त्या मार्गाला अठ्ठेचाळीस तासांचा डबा होता, आणि कागदावर तो भरपूर होता.

शुक्रवारी सकाळी विमल म्हणाली, "दादा, फोन लावा. शनिवारी विमान न्हाय उतरलं तर काय, विचारा."

मी विचारलं. रुआती म्हणाली, "पहाड़ में बादल है तो प्लेन वापस जाता है, सर. बरसात में होता है."

"रविवारी मग?" विमल.

"संडे को यहाँ सब बंद. सब लोग चर्च में. गाड़ी मिलना भी मुश्किल."

विमलनं बोटांवर मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. "मोठा डबा घेऊ या," ती म्हणाली, "चार दिवसांचा."

मोठा डबा जवळपास दुप्पट जड. मॅनेजर तरुण होते, मनानं वाईट नव्हते, पण यादीबाहेर जायची त्यांना भीती. म्हणाले, "गायकर, रूट अप्रूव्ह्ड आहे. उद्या ऑडिटला मी काय सांगू, गोळेवाल्या बाईला वाटलं म्हणून?" विमल चार हातांवर उभी होती, तिनं ऐकलं. खाली बघून हातमोजे चढवत राहिली.

मला आजही नीट सांगता येत नाही की त्या क्षणी मी एवढा ठाम कसा झालो. जोधपूरचा तो फोटो डोळ्यांसमोर होता एवढं खरं. मी म्हणालो, "साहेब, यादीबाहेर गेलो म्हणून माझ्यावर लिहा. मी सही करतो." त्यांनी हात वर केले आणि निघून गेले.

आता खरी अडचण. गाडी साडेबाराला सुटणार आणि मोठ्या डब्याला दुप्पट जेलपॅक. फ्रीझरमधून काढलेला जेलपॅक थेट डब्यात घालता येत नाही, त्याच्या गारठ्यानं औषधच गोठतं. त्याला टेबलावर पसरून घाम फुटू द्यावा लागतो. घाई करून चालत नाही आणि उशीरही चालत नाही. विमलनं सगळे पॅक मांडले आणि एकेकावरून तळहात फिरवत बसली. घाम फुटला की तो उचलायचा, पुसायचा, आणि जागेवर लावायचा. बर्फ इतका जास्त, तर औषध गोठेल ही भीती मला होती. तिनं त्याचाही विचार केला होता. औषध आणि गोठलेल्या पॅकच्या मध्ये तिनं साध्या फ्रिजमधले, नुसते गार, न गोठलेले पॅक उभे केले. "अंगाशी मऊ, भाईर कडक," ती म्हणाली. "लादीला आम्ही असंच करायचो, उलट्या बाजूनं."

साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना तिनं शेवटची टेप लावली. डबा गाडीत चढला, मानकोलीच्या पुलाखालच्या गर्दीत गाडी शिरली, आणि आमच्या हातातलं सगळं संपलं.

शनिवारी दुपारी रुआतीचा फोन आला. विमान ऐजॉलवर आलं, ढगांवर दोन घिरट्या घातल्या आणि कोलकात्याला परत गेलं. डबा तिथल्या मालशेडमध्ये. थंड खोली भरलेली म्हणून बाहेरच ठेवलाय. मी कोलकात्याला फोन करकरून एका हमालाला गाठलं आणि त्याला डबा निदान भिंतीच्या सावलीला सरकवायला लावलं. रविवारी काहीच हललं नाही. ती रविवारची सुट्टी मी वळच्या घरी कशी काढली ते माझ्या बायकोला विचारा. विमलकडे फोन नव्हता. ती तिच्या गावात आणि मी माझ्या, दोघंही तास मोजत असणार.

सोमवारी ती नेहमीपेक्षा एक एसटी आधीची पकडून आली. आल्या आल्या म्हणाली, "साठ आणि वर आठ झाले." मीही तेवढेच मोजले होते. लहान डबा असता तर तो रविवारी दुपारीच संपला असता.

सोमवारी दुपारी विमान उतरलं. पुढचा सगळा प्रकार रुआतीनं नंतर सांगितला. विमानतळ शहरापासून तीस-एक किलोमीटर लांब, सगळा डोंगरी रस्ता, आणि मध्ये दरड कोसळून रस्ता बंद. इस्पितळाची गाडी दरडीच्या अलीकडे अडकली. रुआती त्याच गाडीत होती. ती खाली उतरली, चिखलातून दरड ओलांडून पलीकडे गेली, विमानतळाकडून येणाऱ्या गाडीतून डबा उतरवून घेतला, आणि दोन अनोळखी माणसांच्या मदतीनं तो जड डबा उचलून पुन्हा दरड ओलांडली. संध्याकाळी तिनं तो इस्पितळात उघडला. आम्हाला तिनं आधी शब्द पाठवले नाहीत, लॉगरच्या आकड्याचा फोटो पाठवला. सहा पूर्णांक एक. सगळ्यांत कमी तीन, सगळ्यांत जास्त सहा पूर्णांक चार. गोठलं नव्हतं आणि तापलंही नव्हतं.

मी फोटो विमलला दाखवला. तिनं फोन दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "आणखी अर्धा दिवस निघाला असता." बस. मग तोंड धुवायला गेली ती बऱ्याच वेळानं आली.

मंगळवारी ऑपरेशन झालं. मास्तर वाचले, पायही वाचला. हे इथेच संपवलं असतं तर मला माझ्या नोकरीची गोष्ट ताठ मानेनं सांगता आली असती. पण त्या आठवड्यात रुआतीचा पुन्हा फोन आला. मास्तरांच्या पत्नीला चर्चच्या प्रार्थनेत डबा भरणाऱ्याचं नाव घ्यायचं होतं. "नाम क्या लिखूँ, सर?"

पॅकिंगच्या पावतीवर 'भरणार' या रकान्यात नेहमी माझीच सही असायची. कंत्राटी माणसाला सहीचा अधिकार नव्हता. शेकडो पावत्यांवर मी ती केली होती, हात आपोआप चालायचा. त्या दिवशी जीभही तशीच चालली. मी म्हणालो, "बाळाराम गायकर."

सोमवारी रुआतीनं कळवलं, काल सगळ्यांनी आपका नाम लिया. मी संध्याकाळी घरी फुगून गेलो. जेवताना बायकोला सांगितलं, दोन हजार किलोमीटरवरच्या चर्चमध्ये तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "आन् विमलचा?"

मी ताट तसंच सोडून उठलो.

सकाळी मी आधी विमलला सांगितलं. तिच्यापासून लपवून रुआतीला फोन केला असता तर तेही एक खोटंच झालं असतं. ती जेलपॅक पुसत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं घेतलं? बरंच झालं की. तुम्हाला बीपी हाय." तिच्या स्वरात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला, सापडला नाही. त्यानं मला जास्त लागलं.

मग रुआतीला फोन केला. म्हणालो, नाव चुकीचं सांगितलं, डबा विमल शेलार या बाईंनी भरला, माप त्यांचं, हट्ट त्यांचा, तुम्हाला विचारलेले प्रश्नसुद्धा त्यांचे. मग ती हसून म्हणाली, "दुआ वापस नहीं होता, सर. आप रखो. नेक्स्ट संडे दीदी का नाम लेंगे."

पावतीचंही मी त्याच आठवड्यात काढलं. मॅनेजरांपुढे लॉगरचा कागद ठेवला आणि म्हणालो, भरणाऱ्याच्या रकान्यात भरणाऱ्याचं नाव हवं. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. म्हणाले, "शेलारबाईंना बोलवा." ती आली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं." एवढं म्हणायला तरुण माणसाला काय लागतं ते मला ठाऊक आहे, मला ते माझ्या वयातही जमायला आठवडा लागला होता. पावती बदलायला वरून परवानगी येण्यात काही महिने गेले, पण ती बदलली. कंत्राटातून तिला कायम करून घ्यावं म्हणून मीही लिहिलं, मॅनेजरांनीही लिहिलं. ते मात्र माझ्या निवृत्तीपर्यंत झालं नाही. ती खंत आहे.

प्रार्थनेत तिचं नाव येणार होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी गोदामात पाय ठेवतोय तोच विमलनं विचारलं, "फोन आला काय?" माझं नाव कशाला पायजे, असं आठवडाभर म्हणणारी बाई.

फोन दहाला आला. मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर, जेलपॅकच्या मधोमध ठेवला. रुआती म्हणाली, चर्च भरलं होतं, मास्तरांच्या पत्नीनं उभं राहून नाव वाचलं, सगळ्यांनी तिच्यामागून म्हटलं. विमल शेलार. तिच्या तोंडी ते 'विमाल' असं यायचं.

"काय मागितलं माझ्यासाठी?" विमलनं मला विचारलं. मी विचारून सांगितलं, "तुझ्या हाताला बळ असू दे, असं."

तिनं हातातला पॅक पुसून खाली ठेवला. मग म्हणाली, "मास्तरांचं नाव काय?"

लालमोइया. रुआतीनं तीनदा म्हणून दाखवलं. विमलनं डब्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडला आणि त्यावर मला मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला लावलं. तो तिनं पिशवीत ठेवला. दोन-तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत तिचे ओठ हलताना मला दिसायचे.

शुक्रवारी तिची सुट्टी होती. शनिवारी आली ती खोबऱ्याचा प्रसाद घेऊन. वज्रेश्वरीला जाऊन आली होती.

"मास्तरांच्या नावानं नारळ दिला," ती म्हणाली. "पुजाऱ्यांनी विचारलं, गोत्र काय? म्हटलं, ते न्हाय ठाऊक. माणूस ऐजॉलचा हाय, मास्तर हाय, पायाला लागलंय. ते म्हणाले, बरं. आणि नाव घेतलं."

"घेता आलं त्यांना?"

"दोनदा चुकले," विमल म्हणाली. "मी बरोबर म्हणवून घेतलं."